सांडलेलं डिझेल कोणी पुसायचं?

(सोलापुरात झालेल्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर. खाणीचं, वस्तीचं आणि बायकांचं नाव त्यांच्याच सांगण्यावरून दिलेलं नाही.)

पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘पर्यावरण आणि स्त्रिया’ असा विषय छापला आहे. एवढ्या मोठ्या विषयावर बोलायची माझी तयारी नाही. मी एका खडीच्या खाणीत सांडलेल्या डिझेलबद्दल बोलणार आहे. ते कसं सांडलं, कोणी गोळा केलं, कशानं गोळा केलं, त्या कामाची नोंद कुठे झाली आणि कुठे नाही, एवढंच. त्यातून पर्यावरणाबद्दल काही निघालं तर चर्चेत बघू.

सोलापुरातून कुठल्याही रस्त्याने बाहेर पडा, तुळजापूर रस्ता घ्या, विजापूर रस्ता घ्या नाहीतर अक्कलकोटचा. थोडं अंतर गेलं की बाभळीसुद्धा पांढऱ्या दिसायला लागतात. तिथे खडी क्रशर आहे असं समजावं. आपला सगळा मुलूख काळ्या दगडाचा. वर थोडी काळी माती, खाली मुरूम, त्याखाली कातळ. हा कातळ फोडून त्याची खडी होते आणि त्या खडीवरून आपण सगळे चालतो. सुरुंग लावायचं काम पुरुषांचं, पोकलेन आणि डंपर पुरुषांचे. बायकांकडे डबर फोडणं, हॉपरपाशी दगड सारखे करणं, पट्ट्याखाली सांडलेली डस्ट ओढून काढणं, पाट्या भरणं. काम करणाऱ्यांत वडार समाज जास्त, काही कुटुंबं कर्नाटकातून आलेली. वस्तीत एकाच वाक्यात तीन भाषा ऐकू येतात.

मजुरी ब्रासवर. ब्रास म्हणजे शंभर घनफूट, हे इथल्या बहुतेकींना माहीत असेल. हिशोब जोडप्याचा होतो आणि पैसे नवऱ्याच्या हातात पडतात. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजतात, तसंच. तिचं वेगळं नाव कुठल्याही वहीत नसतं. पुढच्या सगळ्या गोष्टीचं मूळ यात आहे, म्हणून आधीच सांगितलं.

खडी आणि बाई यांचं नातं आपल्याकडे जुनं आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी केंद्रांवर हातात हातोडी घेऊन बसलेल्या बायका आपल्या आयांनी, आज्यांनी पाहिल्या आहेत. आपल्यापैकी काहींच्या घरातल्याच होत्या त्या. पण ते काम सरकारी होतं आणि तिथे मस्टर होतं. मस्टरवर नाव असण्यासाठी, मजुरी हातात मिळण्यासाठी बायका भांडल्या. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला त्याच्यामागे ती भांडणंही होती. आज खाजगी खाणीतल्या बाईकडे तेवढंही मस्टर नाही.

आता डिझेलकडे येते.

दोन उन्हाळ्यांपूर्वीची गोष्ट आहे. त्या वस्तीत आम्ही बालवाडी चालवत होतो. खाणीत पोकलेन, डंपर, जनरेटर सगळं डिझेलवर. प्रत्येक वेळी पंपावर जाणं परवडत नाही म्हणून हजार लिटरची प्लास्टिकची चौकोनी टाकी, लोखंडी जाळीतली, मुरमाच्या उंचवट्यावर ठेवलेली होती. खाली फरशी नाही, ट्रे नाही, बांध नाही. एका रात्री तिची तोटी नीट बसली नाही. नळी जिथे जोडतात तिथून थेंब थेंब, मग बारीक धार. सकाळी ड्रायव्हर आला तेव्हा टाकीखालचा मुरूम काळा पडला होता आणि ओघळ उतारानं खाली गेला होता. किती सांडलं? मुकादम म्हणाला दोनशे लिटर. ड्रायव्हर म्हणाला सहाशे. खरा आकडा लिहून ठेवला गेला नाही.

मुकादमाच्या मनात पहिल्यांदा आलं ते पेटवून द्यायचं. ‘काडी लावा, मोकळं होईल.’ शंभर पावलांवर पालं होती, जनरेटर होता. एका थोरल्या बाईनं, तिला आम्ही अक्का म्हणतो, काडीपेटीच मागून घेतली आणि कमरेला खोचली. ती परत दिलीच नाही तिनं. मग मुकादमानं दुसरा हुकूम सोडला: बायकांनी आज डबर फोडायचं नाही, हे पुसून काढायचं.

मैत्रिणींनो, इथे जरा थांबू या. पुरुषही तिथे होते. डंपर बंद, पोकलेन बंद, म्हणजे त्यांना त्या दिवशी काम नव्हतंच. ते बाभळीखाली बसून होते. कोणी त्यांना ‘पुसा’ म्हटलं नाही आणि बायकांनाही त्यात वावगं वाटलं नाही. दूध उतू गेलं, तेल सांडलं, पोरानं घाण केली, तर पुसायचं कोणी? घरात जे होतं तेच खाणीत झालं. सांडणं हा अपघात आणि पुसणं हा बाईचा धर्म. हातमोजे, बूट यांचा विषय निघाला नाही, कारण फरशी पुसायला कोण बूट घालतं?

चिंध्या घरून आणा म्हणून सांगितलं गेलं. बायकांनी जुनी लुगडी आणली, पोरांच्या फाटक्या गोधड्या आणल्या. त्या डिझेलात बुडवायच्या आणि पिळून बादलीत काढायच्या, उघड्या हातांनी. बादलीतलं डिझेल गाळून पुन्हा वापरात गेलं, हेही सांगायला हवं. म्हणजे जेवढं गोळा झालं तेवढं मालकाचं वाचलं. लाकडाच्या वखारीतून भुसा आणला, तो पसरला. मग फावड्यानं मुरूम ओढला. तीन दिवस हे चाललं. पहिल्याच दुपारी दोघींना चक्कर आली, एकीला उलटी झाली. ती पाच महिन्यांची गरोदर होती. तिसऱ्या दिवशी हातांची आग, बोटांच्या बेचक्यांतून भेगा. अक्का म्हणाली, ‘दगडानं हात फाटतंय ते कळतंय की ओ ताई. हे कशानं फाटतंय ते दिसंना.’

डिझेल कातडीवरचा नैसर्गिक तेलकटपणा ओढून घेतं, म्हणून कातडी कोरडी पडते, चिरते. वाफ छातीत गेली की डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं. हे कळायला डॉक्टर लागत नाही. पण खाणीत मोकळी हवा आहे, काय होतंय, असं म्हणणारे तिथे होते. मार्चच्या उन्हात, कातळाच्या खड्ड्याशी वाकून, डिझेल पिळणाऱ्या बाईला कसली आली मोकळी हवा?

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मालकाकडून चहा आणि बिस्किटांचे पुडे आले. हजेरी नाही. ब्रासवरचं काम ना ते, आणि त्या तीन दिवसांत खडी निघाली नव्हती. खडी नाही तर ब्रास नाही, ब्रास नाही तर पैसा नाही. हिशोब अगदी बरोबर होता. त्यात चूक अशी काढताच येत नव्हती. एमएसडब्ल्यूच्या दोन वर्षांत मला समुदाय संघटनाच्या पायऱ्या शिकवल्या, त्याचा उपयोगही होतो. पण ब्रासची वही वाचायला मला अक्कानं शिकवलं. साफसफाईला त्या वहीत रकानाच नाही, हे तिनंच बोट ठेवून दाखवलं. पट्ट्याखालची डस्ट ओढणं, पालापाशी पाणी शिंपडणं, क्रशरभोवतीचा केर काढणं, ही कामं ती वर्षानुवर्षं करत होती आणि ती कधीही मोजली गेली नव्हती. डिझेल सांडलं म्हणून तो न लिहिलेला रकाना आम्हाला दिसला.

आता हे काम खरोखर कसं करायचं असतं, ते थोडं सांगते. मी तज्ज्ञ नाही. पण जाणकारांना विचारून, वाचून जे पक्कं कळलं तेवढं सांगते, कारण उद्या तुमच्या तालुक्यात असं झालं तर वस्तीतल्या बायका तुम्हालाच विचारतील.

सगळ्यात आधी गळती बंद करायची आणि विस्तव लांब करायचा. चूल, विडी, जनरेटर, सगळं. डिझेल पेट्रोलसारखं चटकन भडकत नाही, पण मार्च-एप्रिलच्या उन्हात तापलेल्या दगडावर त्याची वाफ होते, तेव्हा भरवसा ठेवायचा नाही. मग उताराच्या बाजूला आडवा बांध घालायचा. यासाठी काही विकत आणावं लागत नाही, क्रशरची डस्ट ढिगानं पडलेली असते. पाणी मारून धुवायचं तर मुळीच नाही. साबणही नाही. आपल्याला वाटतं धुतलं म्हणजे गेलं. साबणानं डिझेल बारीक होऊन पाण्यात मिसळतं आणि आणखी खोल जातं. कोरडा भुसा, कोरडी माती टाकून शोषून घ्यायचं, आणि भिजलेला मुरूम वास संपेपर्यंत खणून काढायचा. हे सगळं जाड रबरी हातमोजे, बूट आणि नाकातोंडाला योग्य मास्क लावून, आळीपाळीनं. गरोदर बाई, अंगावर पाजणारी बाई यांना या कामावर घ्यायचंच नाही.

खरा घोळ होतो तो खणून काढलेल्या मुरमाचा आणि भुशाचा. कायद्याच्या भाषेत तेलानं माखलेला असा कचरा २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात येतो. तो परवानगी असलेल्या केंद्राकडे पाठवायचा असतो. सोलापूरकरांना त्यातल्या त्यात जवळचं म्हणजे पुणे जिल्ह्यातलं रांजणगाव. आमच्या खाणीत तो कुठे गेला असेल? अर्धा मुरूम जुन्या खड्ड्यात लोटला गेला. आणि भुसा बायकांनी घरी नेला.

हो, चुलीसाठी. फुकटचं जळण, आणि एका काडीत पेटणारं. एवढा चांगला भुसा कोण टाकून देईल? आम्ही पालांतून फिरलो तेव्हा तीन पोत्यांत तो भरून ठेवलेला होता, त्याच पालात पोरं झोपत होती. एका पालात चुलीचा भडका उठून कडेचं कापड जळालंही होतं, सुदैवानं तेवढ्यावर भागलं. पोती परत आणायला दोन दिवस गेले, कारण आम्ही जळण काढून घेत होतो आणि बदल्यात काहीच देत नव्हतो. शेवटी मालकाकडून लाकडाची एक खेप मागितली, ती मिळाली, तेव्हा पोती बाहेर आली. वस्तीला ‘जागृती’ करायला निघालेल्या सगळ्यांनी ही खेप लक्षात ठेवावी असं मला वाटतं.

तशाच त्या पिवळ्या कॅन. डिझेलच्या, ऑईलच्या रिकाम्या कॅन खाणीतल्या बायका पाण्यासाठी वापरतात. राखेनं घासतात, उन्हात वाळवतात आणि पाणी भरतात. सोलापूर जिल्ह्यात जिथे पाणी टँकरनं येतं तिथे रिकामी कॅन ही संपत्ती आहे. ‘वास येतो, पण सवय होते,’ असं एकीनं सांगितलं. प्लास्टिकमध्ये मुरलेलं तेल राखेनं निघत नाही.

आता विहिरीबद्दल. आपला कातळ अखंड दिसतो पण अखंड नसतो, त्याला फटी असतात. पाणी त्या फटींतून आणि वरच्या सुट्या मुरमातून हिंडतं. खाणीत सुरुंग लावून लावून त्या फटी आणखी उघडलेल्या असतात. डिझेल पाण्यापेक्षा हलकं, ते पाण्यावर तरंगतं. जमिनीतही तसंच: खाली मुरत जातं, भूजल लागलं की त्याच्यावर बसून राहतं. उन्हाळ्यात पाणी खोल असतं तेव्हा ते खोल, दिसत नाही. पाऊस पडला, पाणी वर आलं, की त्याच्याबरोबर वर येतं. आमच्याकडे नेमकं हेच झालं. मार्चमध्ये सांडलं, खाणीच्या तळ्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग दिसला, तो आठवड्याभरात कमी झाला. सगळे विसरले. जूनमध्ये पहिले दोन पाऊस झाले आणि उताराच्या अंगाला असलेल्या विहिरीच्या पाण्याला वास यायला लागला.

ही काही एका खाणीची गोष्ट नाही. जुलै २०२१ मध्ये सातारा जिल्ह्यात, फलटण तालुक्यातल्या सासवडजवळ चोरांनी इंधनाची पाईपलाईन फोडली. मुंबईहून पुण्यावरून आपल्या सोलापूरकडे येणारीच ती लाईन. पेट्रोल शेतात मुरलं, विहिरींत उतरलं, पिकं जळाली. ती बातमी सगळीकडे आली, कारण लाईन मोठी आणि चोरीही मोठी. खाणीतल्या टाकीची बातमी होत नाही. आणि त्यालाही एक कारण आहे. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानं डिझेलसारखं इंधन अडीच हजार लिटरपर्यंत, हजार लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या टाक्यांत, परवान्याशिवाय ठेवता येतं. शेतकऱ्याला, गिरणीवाल्याला सोपं जावं म्हणून ही सवलत असेल, तिला माझा विरोध नाही. पण परवाना नाही म्हणजे तपासायला कोणी येत नाही. हजार लिटरची टाकी ही त्या रेषेच्या बरोबर अलीकडे बसते.

विहिरीचं पाणी तपासून घ्यायला आम्ही ग्रामपंचायतीत गेलो. जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या पाच-पाच बायकांना पाणी तपासणीचं किट वापरायला शिकवलं गेलं आहे, ही चांगली गोष्ट आहे. त्या गावातल्या दोघी आल्या, मनापासून तपासणी केली. क्लोराईड बघितलं, नायट्रेट बघितलं, फ्लोराईड, कठीणपणा, सगळं मर्यादेत. कागदावर पाणी चांगलं ठरलं, कारण त्या किटमध्ये तेलाची तपासणीच नाही. दोघी ओंजळ नाकाशी नेऊन एकमेकींकडे बघत राहिल्या. डिझेलचा वास फार थोड्या प्रमाणातसुद्धा येतो, त्यामुळे इथे नाक हे किटपेक्षा जास्त खरं होतं. पण नाकाचा दाखला कुठल्या अर्जाला जोडायचा? तेलाची तपासणी प्रयोगशाळेत, काचेच्या बाटलीत नमुना नेऊन होते, आणि ती लेखी मागावी लागते. २०१२ च्या भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात खनिज तेल लिटरमागे ०.५ मिलिग्रॅमच्या वर नको. मी एकदा हिशोब मांडून पाहिला. एक लिटर डिझेल या मर्यादेत आणायचं तर सोळा-सतरा लाख लिटर पाण्यात कालवावं लागेल. दहा हजार लिटरचे दीडशेहून जास्त टँकर, एका लिटरसाठी. टँकरची भाषा आपल्याला कळते म्हणून असं सांगते. सगळं डिझेल काही पाण्यात विरघळत नाही, पण ‘थोडंसंच सांडलं’ म्हणणाऱ्याला हा हिशोब ऐकवायला हरकत नाही.

या टप्प्यावर आमच्यात मतभेद झाले आणि ते इथे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पर्यावरणाच्या चळवळीतल्या काही मित्रांचं म्हणणं होतं की तक्रार करून खाणच बंद पाडावी. तो मार्ग कायद्यात आहे. सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये राजस्थानातल्या बिछडी गावाच्या प्रकरणात सांगितलं की ज्यानं प्रदूषण केलं त्यानंच निस्तरण्याचा खर्च द्यायचा. उदयपूरजवळचं हे गाव, कारखान्यांच्या सांडपाण्यानं तिथल्या विहिरी नासल्या होत्या. २०१२ मध्ये त्याच न्यायालयानं दीपककुमार प्रकरणात लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरण परवानगी लागेल असं ठरवलं. हरित लवादाचं खंडपीठ पुण्यात आहे. मित्रांचं चूक नव्हतं.

पण वस्तीत बैठक घेतली तेव्हा एकही बाई तक्रारीला तयार नव्हती. खाण बंद झाली तर पालं उचलायची, पोरांची बालवाडी सुटायची, आणि दुसऱ्या क्रशरवर पुन्हा तसलीच टाकी. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटलेली नसते, ती नव्या मालकाकडून फेडून घेतली जाते, म्हणजे बाई विकली गेल्यासारखीच. ‘विहीर नासली तर लांबून आणू पाणी. काम नासलं तर कुठून आणू?’ असं जिनं विचारलं तिच्याच डोक्यावर त्या लांबच्या पाण्याचा हंडा येणार होता. माझं मत असं झालं, आणि आजही आहे, की बायकांच्या नावानं खाण बंद पाडण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्या स्वतः मागतील तेव्हा गोष्ट वेगळी. पण म्हणून गप्प बसणं हा दुसरा पर्याय नाही. मागणी बदलायची. आम्ही ‘खाण बंद करा’च्या जागी ‘साफ करणं हे काम आहे, ते मोजा’ असं म्हटलं. बायकांना ही मागणी एका वाक्यात पटली, त्याला पत्रक लागलं नाही.

एकदा ते काम ठरलं की पुढचं आपोआप येतं. काम असेल तर मजुरी. काम धोक्याचं असेल तर साधनं आणि शिक्षण. काम असेल तर ते पुरुषही करू शकतात. आणि काम असेल तर करणारणीचं नाव कुठेतरी लिहिलेलं हवं.

नावापाशी कायदा कामाला येतो, तेव्हा थोडं त्याबद्दल. १९५२ च्या खाण कायद्यात खडी-मुरमाच्या उघड्या, लहान खाणींना बऱ्याच कलमांतून सूट होती. पण ती कधी? खोली ६ मीटरच्या आत, माणसं ५० च्या आत आणि सुरुंग मुळीच नाही, तर. तिन्ही अटी एकदम. आपल्या भागात सुरुंगाशिवाय कातळ फुटतो का? म्हणजे ज्या मालकांनी ‘आम्हाला हा कायदा लागत नाही’ असं वर्षानुवर्षं सांगितलं, त्यांतल्या बहुतेकांना तो लागत होता. आता व्यवसाय सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थितीविषयीची २०२० ची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे आणि जुन्या कायद्याची जागा तिनं घेतली आहे. कामगार संघटनांचे या संहितांवर गंभीर आक्षेप आहेत, ते बरोबरही आहेत. तरी तिच्यातली एक गोष्ट आपल्या उपयोगाची: कामगाराला नियुक्तीपत्र द्यायचं आहे. नियुक्तीपत्र जोडप्याला देता येत नाही. ते एकेका माणसाच्या नावानं निघतं. सोलापूरच्या विडी कामगार बाईला हे महत्त्व कोणी समजावून सांगायची गरज नाही. १९७६ च्या कायद्यानं विडीला कल्याण निधी आला, ओळखपत्रं आली, आणि ते कार्ड हातात धरून इथल्या बायका मोर्चे काढून घरापर्यंत पोचल्या. खाणीतली बाई त्याच शहराच्या वेशीवर राहते आणि तिच्याकडे दाखवायला हातावरचे घट्टेच आहेत.

दूषित जागा साफ करून घेण्यासाठी केंद्रानं जुलै २०२५ मध्ये नवे नियम काढले. मी ते मोठ्या आशेनं वाचायला घेतले. सुरुवातीलाच लिहिलं आहे की खाणकामातून झालेल्या दूषणाला हे नियम लागू नाहीत, त्याला वेगळे कायदे आहेत. वेगळे कायदे म्हणजे ज्यांत आपली टाकी अडीच हजार लिटरच्या आत बसते ते. असो. जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवा. २०१५ च्या दुरुस्तीनंतर खाणींकडून तो जिल्ह्यात जमा होतो आणि पिण्याचं पाणी, आरोग्य, महिला-बालकल्याण यांना त्यात अग्रक्रम आहे. आपल्या जिल्ह्यात तो कशावर खर्च झाला हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. ते विचारायला खाणीतली बाई लागत नाही, आपण विचारू शकतो. तिला धोका न पोचवता करता येण्यासारखं हे काम आहे आणि ते आपण फार कमी करतो.

काय मिळालं, ते सांगते. तीन दिवसांपैकी दोन दिवसांची मजुरी मिळाली, आणि ती प्रत्येकीच्या हातात. नवऱ्यांपैकी दोघे चिडले, त्याचं भांडण वेगळं झालं. खड्ड्यात लोटलेला मुरूम बाहेर काढून जाड प्लास्टिकवर पसरला. रांजणगावला पाठवायला मालकानं खर्चाचं कारण सांगून नकार दिला, त्याची लेखी तक्रार आम्ही आमच्या संस्थेच्या नावानं केली आहे, वस्तीच्या नाही. तोवर त्या मुरमात बायका शेणखत मिसळतात, पाणी शिंपडून ओल ठेवतात आणि आठवड्याला खालीवर करतात. मातीतले सूक्ष्म जीव हवा, ओल आणि खत मिळालं तर डिझेल हळूहळू खाऊन टाकतात. दिल्लीच्या टेरी संस्थेनं तर तेल खाणाऱ्या जीवाणूंचं ‘ऑइलझॅपर’ नावाचं मिश्रणच तयार केलं आहे. आमच्याकडे ते नाही, शेणखत आहे. उकिरडा खालीवर करणाऱ्या हातांना हे तंत्र शिकवावं लागलं नाही. यावेळी हातांत मोजे होते, दोन पुरुष पाळीत होते आणि वहीत नव्यानं आखलेला एक रकाना होता. अक्कानं त्याला नाव दिलं, ‘निस्तरणं’. मुकादमाला ते आवडलं नाही. त्यानं खोडून ‘इतर’ लिहिलं. सध्या ‘इतर’ आहे.

टाकीखाली सिमेंटचा कठडा आला. विहिरीचं पाणी अजून पीत नाहीत, जनावरांनाही देत नाहीत. टँकर येतो तो दोन दिवसांआड. गरोदर होती ती बाई बाळंत झाली, बाळ ठीक आहे. तरी तिची भीती गेलेली नाही आणि तिला खात्रीनं काही सांगू शकेल असा डॉक्टर आम्हाला मिळालेला नाही.

कॅनचं काय झालं, असं मघाशी चहाच्या वेळी एकीनं विचारलं. बायकांनी ठरवून त्या पाण्याला वापरायच्या बंद केल्या, नव्या घागरींसाठी भिशी काढली. रिकाम्या कॅन आता मुकादम गोळा करून आठवड्याच्या बाजारात विकतो. कोण विकत घेतं ते शोधायला पुढच्या बाजारी आमच्यातल्या दोघी जाणार आहेत. ज्यांना बरोबर यायचं असेल त्यांनी दुपारच्या सत्रानंतर मला भेटा.